रायफलच्या नळीचा पीळदर

रायफलच्या नळीच्या आतील पृष्ठभागावर कोरलेल्या पेचदार खाचा नळीच्या किती लांबीत एक पूर्ण फेरा घेतात, हे दर्शविणाऱ्या मापास पीळदर असे म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात यासाठी ‘ट्विस्ट रेट’ हा शब्द रूढ आहे. पीळदर ‘१:१२’ अथवा ‘१२ इंचांत एक फेरा’ अशा रीतीने लिहितात. मेट्रिक पद्धतीत हेच माप ३०५ मि.मी. होते. आकडा जितका लहान, तितका पीळ अधिक घट्ट व गोळीची फिरकी अधिक वेगवान. लांब पल्ल्याच्या रायफलची नळी निवडताना तिची लांबी, जाडी व धातू यांबरोबरच पीळदराचा विचार अपरिहार्य ठरतो. नळी एकदा कोरली की तिचा पीळ बदलता येत नाही, आणि चुकीच्या पिळाची नळी निवडल्यास नेमबाजाचे कौशल्य कितीही असले तरी गोळी निशाणावर स्थिरपणे पोहोचत नाही.

कार्यतत्त्व

लांबट, टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मागील भागाकडे असतो, तर हवेचा रोध ज्या बिंदूवर एकवटला आहे असे मानता येते, तो दाबकेंद्राचा बिंदू टोकाकडे असतो. त्यामुळे गोळी किंचित जरी तिरपी झाली, तरी हवेचा रोध तिला सरळ न करता अधिकच तिरपी करू पाहतो. न फिरणारी लांबट गोळी म्हणूनच नळीतून बाहेर पडताच कोलांट्या खाऊ लागते.

यावरील उपाय भोवऱ्याच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येतो. स्थिर भोवरा आरेवर उभा राहत नाही. तोच दोरी गुंडाळून जोराने फिरवला की उभा राहतो, आणि धक्का बसला तर न पडता डुलत फिरतो. या डुलण्यास भौतिकीत परांचन म्हणतात. फिरकी मंदावली की डुलणे वाढते व अखेर भोवरा कोसळतो. गोळीच्या बाबतीत हवेचा उलथवणारा जोर भोवऱ्यावरील गुरुत्वाकर्षणाची जागा घेतो. फिरकीमुळे येणारा ताठपणा व हवेचा उलथवणारा जोर यांच्या गुणोत्तरास स्थैर्यांक म्हणतात. तो १ पेक्षा कमी असल्यास गोळी उलथते; १ पेक्षा थोडा अधिक असल्यास ती डुलत जाते व हवेचा रोध वाढतो; सुमारे १.५ वा त्याहून अधिक असल्यास गोळी आपल्या आकाराचा पुरेपूर लाभ घेते, असे लांब पल्ल्याच्या नेमबाजीत सामान्यतः मानले जाते.

फिरकीवाचून स्थैर्य मिळवण्याचा दुसराही मार्ग आहे. बाणाची पिसे अथवा बॅडमिंटनचे फूल पाहिल्यास मागील बाजूचा रोध वस्तूचे तोंड पुढे ठेवतो, हे दिसते. एअर रायफलचा कंबर आवळलेला छर्रा अंशतः याच तत्त्वावर चालतो. वन्यप्राण्यांना बेशुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी औषधाची सुईदेखील शेपटीच्या झुपक्यामुळेच सरळ जाते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव–पांढरकवडा परिसरात २०१८ साली टी-१ वाघिणीसाठी झालेल्या मोहिमेत बेशुद्धीची सुई व रायफल अशी दोन्ही साधने सोबत होती. सुईचा वेग कमी व पल्ला तोकडा असतो, तर पीळ दिलेल्या नळीतील गोळी शेकडो मीटर स्थिर राहते. या दोन साधनांतील व्यावहारिक फरकाच्या मुळाशी स्थैर्य मिळवण्याच्या या दोन भिन्न रीती आहेत.

इतिहास

नळीत खाचा पाडण्याची कला युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्या शतकात विकसित झाली. वाटोळ्या शिशाच्या गोळीस फारच थोडी फिरकी पुरे, म्हणून जुने पीळ अत्यंत सैल असत. १८५३ च्या एनफील्ड रायफलमध्ये ०.५७७ इंच व्यासाच्या नळीत ७८ इंचांत एक फेरा होता. म्हणजे ३९ इंचांच्या नळीत गोळी जेमतेम अर्धा फेरा घेई. १८५७ च्या उठावास तात्कालिक निमित्त ठरलेली चरबी लावलेली काडतुसे याच रायफलची होती.

मँचेस्टरचे अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी त्याच दशकात ०.४५१ इंचांची षट्कोनी नळी व २० इंचांत एक फेरा असा घट्ट पीळ योजला आणि गोळी बारीक व लांब केली. १८५७ मध्ये ब्रिटिश लष्कराने घेतलेल्या चाचण्यांत या रायफलने एनफील्डला पल्ला व अचूकता या दोन्हींत मागे टाकले. तथापि तिची किंमत अधिक होती व जळलेल्या दारूची काजळी नळीत लवकर साचे, त्यामुळे ती सैन्यात स्वीकारली गेली नाही. लांब गोळीस घट्ट पीळ लागतो, हा धडा मात्र कायम झाला.

धूरविरहित दारूच्या आगमनानंतर नळ्यांचा व्यास घटला आणि वेग वाढला. .३०३ ली-एनफील्ड रायफलमध्ये १० इंचांत एक फेरा व डावीकडे वळणाऱ्या खाचा होत्या. ही रायफल भारतीय सैन्यात व नंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांत दीर्घकाळ वापरात राहिली. बहुसंख्य आधुनिक रायफलींमध्ये मात्र खाचा उजवीकडे वळतात.

विसाव्या शतकातील दोन उदाहरणे पीळदराच्या निवडीतील अडचण स्पष्ट करतात. अमेरिकेच्या एम-१६ रायफलसाठी प्रारंभी १४ इंचांचा पीळ योजला होता. ५५ ग्रेनच्या गोळीस तो साध्या हवेत कसाबसा पुरे. परंतु उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या चाचण्यांत दाट हवेमुळे गोळ्या डगमगू लागल्या, म्हणून १९६३ मध्ये पीळ १२ इंचांवर आणण्यात आला. पुढे १९८० मध्ये नाटोने ६२ ग्रेनची अधिक लांब एसएस१०९ ही गोळी प्रमाण मानली. १२ इंचांच्या पिळात तिचा स्थैर्यांक सुमारे ०.८५ भरतो, म्हणजे ती उलथते. नव्या रायफलींत पीळ ७ इंचांवर नेण्यात आला, कारण सोबतची प्रकाशरेखा सोडणारी ट्रेसर गोळी त्याहूनही लांब होती.

दुसरे उदाहरण भारतीय सैन्यातही वापरल्या गेलेल्या रशियन द्रागुनोव्ह रायफलचे. तिचा मूळ पीळ ३२० मि.मी. होता. चिलखतभेदी व आग लावणाऱ्या लांब गोळ्याही त्याच नळीतून स्थिर जाव्यात, यासाठी १९७० च्या दशकात तो २४० मि.मी. करण्यात आला; त्यासाठी नेमबाजीच्या खास काडतुसाची अचूकता काहीशी घटली, हे मान्य करावे लागले.

पीळदर ठरवणारे घटक

गोळीची लांबी: बोलण्याच्या ओघात ‘जड गोळीला घट्ट पीळ’ असे म्हटले जाते, वस्तुतः निर्णायक असते ती लांबी. एकाच व्यासात वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते, म्हणून हा समज रूढ झाला. शिशाऐवजी निव्वळ तांब्याची गोळी समान वजनात अधिक लांब भरते व तिला अधिक घट्ट पीळ लागतो. निमुळते टोक व नावेसारखा आवळलेला बुडाचा भाग यांमुळेही लांबी वाढते.

व्यास: लांबी व्यासाच्या पटीत मोजल्यास तुलना सोपी होते. लांब पल्ल्याच्या आधुनिक गोळ्या व्यासाच्या ४ ते ५ पट, काही त्याहूनही अधिक लांब असतात.

वेग: वेग वाढल्याने स्थैर्यांक किंचितच वाढतो, पीळ घट्ट केल्याने तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ इंचांऐवजी १० इंचांचा पीळ घेतल्यास स्थैर्यांक ४४ टक्क्यांनी वाढतो. काडतुसातील दारू वाढवून चुकीच्या पिळाची भरपाई होत नाही. उलट नळीतील दाब धोकादायक होऊ शकतो.

हवेची घनता: थंड, दाट हवेत उलथवणारा जोर वाढतो, उष्ण वा विरळ हवेत तो घटतो.

गणना

ग्रीनहिलचे सूत्र: वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये एक सुटसुटीत नियम दिला. शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी, १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणून लांबीने भागले असता आवश्यक पीळ इंचांत मिळतो. सेकंदास २८०० फुटांहून अधिक वेग असल्यास १५० ऐवजी १८० घेण्याची प्रथा आहे. हा नियम अंदाजापुरता उपयुक्त आहे.

मिलरचा नियम: डॉन मिलर यांनी २००५ च्या सुमारास मांडलेला नियम हल्ली अधिक वापरला जातो.

स = (३० × भ) ÷ (प² × व्य³ × ल × (१ + ल²))

येथे स म्हणजे स्थैर्यांक, भ म्हणजे गोळीचे ग्रेनमधील वजन, व्य म्हणजे इंचांतील व्यास, प म्हणजे व्यासाच्या पटीत पीळ आणि ल म्हणजे व्यासाच्या पटीत लांबी. हे मान सेकंदास २८०० फूट वेग व १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्रसपाटीवरील हवेसाठी आहे. वेग निराळा असल्यास त्याचे २८०० शी असलेले गुणोत्तर काढून त्याच्या घनमूळाने उत्तरास गुणावे. तापमान व दाबासाठी केल्व्हिनमधील तापमानास २८८ ने भागून, १०१३ हेक्टोपास्कलला स्थानिक दाबाने भागून, दोन्ही गुणोत्तरांनी उत्तरास गुणावे. प्लास्टिकचे टोक असलेल्या गोळ्यांसाठी नियमात थोडा बदल करावा लागतो, कारण टोकामुळे लांबी वाढते पण वजन फारसे वाढत नाही.

सोडवलेले उदाहरण

.३०८ इंच व्यासाची, १९० ग्रेन (१२.३ ग्रॅम) वजनाची, १.३५ इंच लांब गोळी सेकंदास २६०० फूट (७९२ मीटर) वेगाने सोडायची आहे, असे समजू. ग्रीनहिलच्या सूत्राने १५० घेतल्यास पीळ सुमारे १०.५ इंच येतो, १८० घेतल्यास सुमारे १२.६ इंच. या दोहोंमधील नेमका निर्णय मिलरच्या नियमाने करता येतो.

लांबी व्यासाच्या ४.३८ पट आहे. १२ इंचांचा पीळ म्हणजे व्यासाच्या ३८.९६ पट. सूत्रात घातल्यावर १.४५ व वेगाची दुरुस्ती केल्यावर १.४२ हा स्थैर्यांक मिळतो. आता स्थळानुसार पाहू.

• यवतमाळ, उंची सुमारे ४५० मीटर, मे महिन्यातील दुपार, ४५ अंश सेल्सिअस: दुरुस्तीचा गुणक सुमारे १.१७; स्थैर्यांक सुमारे १.६५.
• यवतमाळ, डिसेंबरमधील पहाट, १० अंश सेल्सिअस: गुणक सुमारे १.०४, स्थैर्यांक सुमारे १.४७.
• दिल्ली, उंची सुमारे २२० मीटर, जानेवारीतील सकाळ, ४ अंश सेल्सिअस: गुणक सुमारे ०.९९, स्थैर्यांक सुमारे १.४०.

तीच रायफल, तेच काडतूस. विदर्भातील उन्हाळ्यात १२ इंचांची नळी १.५ ची मर्यादा सहज ओलांडते. उत्तरेकडील हिवाळ्यात तीच मर्यादेखाली जाते. गोळी उलथणार नाही, परंतु किंचित डुलल्याने तिचा वेग लवकर घटेल व लांब अंतरावर ती अपेक्षेहून खाली लागेल. उन्हाळ्यातील सरावावर विसंबून नळी पसंत करणाऱ्यास ही उणीव स्पर्धेच्या दिवशीच कळते. ११ इंचांचा पीळ घेतल्यास दिल्लीच्या थंडीतही स्थैर्यांक सुमारे १.६७ राहतो, १० इंचांत तो २ वर जातो. या गोळीसाठी म्हणून ११ किंवा १० इंच हीच योग्य निवड होय.

उंच पर्वतीय प्रदेशात थंडीमुळे स्थैर्य घटेल असे वाटते. तेथे घडते उलट. सुमारे ३३०० मीटर उंचीवर उणे २५ अंश तापमानातही हवा इतकी विरळ असते की दुरुस्तीचा गुणक १.२९ च्या जवळ येतो. पीळदराची खरी कसोटी म्हणून सखल मैदानातील थंड सकाळी लागते. हिशेब नेहमी आपल्याला भेटणाऱ्या सर्वांत दाट हवेसाठी करावा, हा यातून निघणारा नियम.

अतिघट्ट पिळाचे परिणाम

पीळ शक्य तितका घट्ट घ्यावा, असा निष्कर्ष यातून निघत नाही. वरील उदाहरणात १२ इंचांच्या पिळातून गोळी मिनिटाला १,५६,००० फेरे घेते, १० इंचांतून १,८७,२००. कोणतीही गोळी पूर्णतः समतोल नसते. तिच्या आवरणाच्या जाडीत सूक्ष्म फरक असतोच. फिरकी वाढते तसा हा असमतोल नळीच्या तोंडाशी गोळीला बाजूला फेकतो व निशाणावरील भोकांचा पुंजका पसरतो. पातळ आवरणाच्या, वेगवान, लहान व्यासाच्या गोळ्या अतिफिरकीने हवेतच फाटू शकतात.

उजव्या पिळाची गोळी लांब पल्ल्यावर हळूहळू उजवीकडे सरकते, डाव्या पिळाची डावीकडे. .३०८ वर्गातील गोळीच्या बाबतीत हे सरकणे १००० यार्डांवर साधारणतः २० ते २५ सें.मी. भरते आणि स्थैर्यांकाबरोबर वाढते. ते नियमित असल्याने दुर्बिणीच्या मांडणीत त्याची भरपाई करता येते. आधुनिक गोळ्यांची घडण सुधारल्यामुळे किंचित घट्ट पिळाचा तोटा पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. सैल पिळाचा तोटा मात्र तितकाच राहिला आहे. दोहोंत निवड करावी लागल्यास थोडा घट्ट पीळ घेण्याकडे लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा कल असतो.

गोळीचा पुढे जाण्याचा वेग हवेत झपाट्याने घटतो, फिरकी मात्र सावकाश घटते. त्यामुळे नळीच्या तोंडाशी स्थिर असलेली गोळी पुढे अधिकच स्थिर होत जाते. अपवाद ध्वनिवेगाच्या आसपासच्या टप्प्याचा. तेथे दाबकेंद्र हलते व काही आकारांच्या गोळ्या डगमगतात. हा दोष गोळीच्या आकारातून येतो. केवळ पीळ घट्ट करून तो पूर्णपणे टळत नाही.

प्रचलित पीळदर

• .२२ लाँग रायफल: १६ इंच
• .२२३ व ५.५६ मि.मी.: १२ ते ७ इंच
• ६.५ मि.मी. वर्ग: ८ इंच
• .३०८ व ७.६२ मि.मी. नाटो: १२, ११ व १० इंच
• .३०-०६: १० इंच
• .३३८ लापुआ: १० इंच किंवा किंचित घट्ट
• .५० ब्राउनिंग: १५ इंच

निवडीची रीत

प्रथम अंतर व उद्देश ठरवावा, मग गोळी, आणि तिच्यावरून पीळ. हा क्रम उलटा केल्यास पुढील सर्व पर्याय आकुंचित होतात. वापरावयाच्या गोळ्यांपैकी सर्वांत लांब गोळी हिशेबासाठी घ्यावी. गोळीची प्रत्यक्ष लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. केवळ वजनावरून अंदाज करू नये. सर्वांत थंड व सखल स्थळी स्थैर्यांक १.५ च्या खाली जाणार नाही असा पीळ शोधावा आणि त्यापेक्षा फार घट्ट जाऊ नये.

हाती असलेल्या रायफलचा पीळ घरीही मोजता येतो. रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून, मुठीत मोकळेपणाने फिरणाऱ्या सफाईच्या सळईस घट्ट कापड लावून ती नळीत सारावी. सळईवर नळीच्या तोंडाशी खूण करावी व वरच्या अंगास दुसरी खूण करावी. सळई सावकाश ओढताना वरची खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत सळई जितकी बाहेर आली, तितका पीळदर. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यावी. अपुऱ्या पिळाचे निदान कागदी निशाणावरूनही होते: गोळीचे भोक गोल न दिसता लांबट, कुलपाच्या छिद्रासारखे दिसल्यास गोळी तिरपी पोहोचली असे समजावे.

महाराष्ट्र व भारतातील संदर्भ

पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. तो व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आयुध निर्माणी येथे लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

क्रीडा नेमबाजीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारांत .२२ काडतूस वापरतात. गोळी व वेग जवळपास ठरलेले असल्याने येथे पिळाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. खेळाडू आपल्या नळीस कोणत्या उत्पादन-तुकडीची काडतुसे मानवतात, याची चाचणी घेतात. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत मात्र गोळीची निवड खुली असल्यामुळे पीळदर निर्णायक ठरतो.

भारतात शस्त्र बाळगणे शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित आहे. शस्त्र तयार करणे, दुरुस्त करणे वा त्यात रूपांतर करणे यांसाठीही परवाना लागतो. म्हणून नळी बदलण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. प्रत्येक गोळीसाठी निराळी रायफल घेण्याची मुभा उरत नसल्याने, पहिल्याच नळीचा पीळ विचारपूर्वक निवडण्याचे महत्त्व भारतीय नेमबाजाच्या बाबतीत अधिकच वाढते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी असून, लांब पल्ल्याच्या रायफलचा नागरी उपयोग मुख्यत्वे क्रीडेपुरता उरला आहे.

हेही पाहा

रायफल, काडतूस, भोवरा, परांचन, नेमबाजी